मास्क तेवढा आपला

उज्ज्वला ओव्हाळ तळेगावच्या एमआयडीसीत, एका रबराच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होती. एकोणीस वर्षं झाली होती. पंपांना आणि गाड्यांना गळती थांबवायला लागणारी सीलं, ओ-रिंगा तिच्या हाताखालून जायच्या, दिवसाला चार-पाच हजार. कडेला केसाएवढी चीर असली तरी ती आधी तिच्या बोटाला कळायची आणि मागाहून डोळ्याला दिसायची. इतक्या वर्षांत सुपरवायझर सात बदलले, पण तिने लाल ट्रेमध्ये टाकलेला माल उचलून पुन्हा हिरव्या ट्रेमध्ये ठेवायची हिंमत एकानेही केली नव्हती.

पोहायला मात्र ती उशिरा शिकली, त्रेचाळिसाव्या वर्षी. गुडघा धरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालण्यापेक्षा पोहा. नवरा रतन रेल्वेत पॉइंट्समन. तो म्हणाला, "जा की, पाणी काय खातंय तुला?" तळेगावच्या जलतरण तलावावर सकाळी बायकांची बॅच असायची. बाकीच्या जणी अजून कठडा सोडायला तयार नव्हत्या, तेव्हा उज्ज्वला खोल बाजूला जाऊन परत आली होती.

तिची आई भामाबाई कार्ल्याची. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत उन्हाळाभर पोरं उड्या मारायची, पण बौद्धवस्तीतल्या लेकरांनी काठावर उभं राहिलेलंही चालत नसे. लेक पोहायला लागली हे ऐकून भामाबाई एवढंच म्हणाल्या, "मला पान्याचं भ्या कदीच नव्हतं. उतरूच दिलं न्हाई, त्याला काय करणार?" त्यानंतर उज्ज्वलाने एकही सकाळ चुकवली नाही.

चार वर्षं अशी गेली आणि मग तिला पाण्याच्या वरवर तरंगायचा कंटाळा आला. खाली काय आहे ते बघावंसं वाटायला लागलं. लोणावळ्यात प्रदीप सर म्हणून नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ स्कूबा डायव्हिंगचा कोर्स घ्यायचे. पाठीला हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत फिरायचं. चार रविवार लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या खोल तलावात, आणि शेवटी तीन दिवस मालवणला समुद्रात. फी अठ्ठावीस हजार. उज्ज्वलाने दिवाळीचा बोनस त्यात घातला आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी, स्वेटर घालून, पोहायला गेली.

बॅचमध्ये सहा जण होते. सगळ्यांत वयाने मोठी उज्ज्वला. तिच्या शेजारी एक काटक, सावळी मुलगी बसली होती, सव्वीस-सत्तावीसची. नाव हिरा. वडिवळ्याच्या वर डोंगरात जी वाडी आहे तिथली. प्रदीप सर मावळातल्या दोघांना दर बॅचला अर्ध्या फीत घ्यायचे, त्यातली एक जागा तिने धरली होती.

"काय करतेस तू?" उज्ज्वलाने विचारलं.

"फुटवॉल काढते."

धरणाच्या पाण्यात शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप सोडलेले असतात. पाइपाच्या तोंडाला जो वॉल्व्ह असतो त्यात शेवाळ आणि प्लॅस्टिक अडकलं की पाणी चढत नाही. मग कुणीतरी बुडी मारून ते साफ करावं लागतं. आधी हिराचे वडील गोविंदा हे काम करायचे. त्यांचा कान फुटल्यापासून हिरा करायला लागली. एका वॉल्व्हचे तीनशे रुपये.

"धरनाकाठच्या कॅम्पवाल्याचा एक ड्रोन पान्यात पडला गेल्या साली," ती म्हणाली. "म्या तीन बुड्यात काढून दिला. पाचशे दिले. म्होरल्या महिन्यात दुसरा पडला, तवा त्यांनी पुन्याहून टाकीवाले आनले. बारा हजार घेतले त्यांनी, आन ड्रोन घावला न्हाई. मंग म्या ठरवलं."

उज्ज्वलाला ती मुलगी तिथल्या तिथे आवडली.

पण पाण्यात उतरल्यावर उलटंच झालं. या कोर्सचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली असताना फुप्फुसात जी हवा भरतो ती वर येताना फुगते, आणि धरून ठेवली तर आतून इजा करते. म्हणून सतत घ्यायचा, सतत सोडायचा. उज्ज्वलाला पाण्याची जुनी सवयच नसल्यामुळे हे पहिल्या पाच मिनिटांत जमलं. हिराला जमेना. पाणी डोक्यावरून गेलं की तिची छाती आपोआप बंद व्हायची. प्रदीप सरांनी तिला तीनदा वर आणलं आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं, "हिरा, श्वास धरू नकोस. ही सवय मोडली नाही तर मी तुला समुद्रात नेणार नाही." त्यांचा आवाज कडक नव्हता. पण हिराचं तोंड उतरलं ते उतरलंच. कपडे बदलून ती निघून गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, उज्ज्वलाच्या फोनवर बॅचच्या ग्रुपवर एक यादी आली. वर लिहिलं होतं, 'नव्या विद्यार्थ्यांसाठी साहित्य'. मास्क पाच हजार दोनशे. पायाला लावायचे फिन्स सहा हजार आठशे. अंगात घालायचा रबरी सूट साडेअकरा हजार. पाण्यात वरखाली होण्यासाठी हवा भरायचं जॅकेट बेचाळीस हजार. टाकीतली हवा तोंडात आणून देणारा रेग्युलेटर चोपन्न हजार. खोली आणि वेळ दाखवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर एकोणतीस हजार. खाली बेरीज करून ठेवली होती: एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे. 'रविवारपर्यंत बुकिंग केल्यास दहा टक्के सवलत.'

उज्ज्वलाने डबा बाजूला सारला आणि यादी पुन्हा वाचली. शेजारच्या शकुबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. एक लॉट आलाय," ती म्हणाली. "तपासायला लागेल."

रविवारी ती अर्धा तास लवकर पोचली. ऑफिसमध्ये अनघा नावाची मुलगी होती, फोन आणि पैसे तीच बघायची. उज्ज्वलाने फोन तिच्यासमोर ठेवला.

"हे सगळं घ्यावंच लागतं का?"

"रेकमेंडेड आहे, मॅडम."

"रेकमेंडेड म्हणजे लागतं, का नाही लागत?"

अनघा हसली. "घेतलं तर चांगलं असतं. स्वतःचं असलं की कॉन्फिडन्स येतो."

"आणि नाही घेतलं तर कोर्स पुरा होतो का?"

अनघाने उत्तर द्यायच्या आधी इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यात प्रदीप सरच आत आले. उज्ज्वलाने तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि यादी सावकाश वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"ही माझ्या भागीदाराच्या दुकानाची यादी आहे," ते म्हणाले. "पुण्यात दुकान आहे त्याचं. दर बॅचला जाते ती, मला वाटलं नुसती दरपत्रकासारखी जात असेल. वर 'नव्या विद्यार्थ्यांसाठी' कुणी लिहिलं?"

"तिकडून तशीच आली, सर," अनघा म्हणाली.

"टाकी, जॅकेट, रेग्युलेटर, सूट, फिन्स, सगळं तुमच्या फीमध्ये आहे. इथेही आणि मालवणलाही. मी स्वतः पहिली सहा वर्षं एकही वस्तू विकत घेतली नव्हती. कोर्स झाल्यावर वर्षातून वीस वेळा समुद्रात जाणार असाल तर पुढचा विचार करा. दोनदा जाणार असाल तर तिथे भाड्याने घ्या, दिवसाचे हजार-दीड हजार." ते थांबले. "मास्क तेवढा आपला असावा. जॅकेट सैल असलं तर पट्टा आवळता येतो. चेहरा आवळता येत नाही."

"मग हे ग्रुपवर टाका, सर."

"टाकतो."

"आत्ता टाका," उज्ज्वला म्हणाली. इतक्या सरळपणे म्हणाली की त्यांनी तिथेच उभं राहून टाइप करायला घेतलं.

पण त्याच्या आत दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. गौरव नावाचा बॅचमधला एक मुलगा, तळेगावच्याच एका सोसायटीत राहणारा आणि आयटीत नोकरी करणारा, त्याने यादी बघून हुशारी केली होती. नवं दीड लाखाला, तर जुनं कितीला, असं शोधून त्याने ऑनलाइन कुणाचा तरी वापरलेला पूर्ण सेट अठ्ठेचाळीस हजारांना उचलला होता. तो सेट बॅगेत घालून तो मोठ्या खुशीत आला होता.

"लाख रुपये वाचवले, काकू," तो म्हणाला.

उज्ज्वलाने न विचारताच जॅकेटची रबरी नळी हातात घेतली आणि अंगठ्याने हळूहळू वाकवत नेली. मध्यावर बारीक बारीक भेगा उघडल्या, उन्हात वाळलेल्या मातीसारख्या.

"ही बाद आहे," ती म्हणाली. "आणि नळीची ही अवस्था असेल तर आतल्या रिंगाही तशाच असणार. सगळं उघडून सर्व्हिस करून घे. त्याशिवाय घालू नकोस."

"वरून तर चांगलं दिसतंय."

"वरून सगळंच चांगलं दिसतं. मला पगार आतलं बघायचा मिळतो."

गौरवने त्या दिवशी सरांच्या केंद्राचाच सेट घातला आणि नळी बदलून घेतो म्हणाला.

दुसरी गोष्ट म्हणजे हिरा आली नव्हती. अनघा म्हणाली, "तिचा शुक्रवारी फोन होता. पैसे परत मिळतील का विचारत होती. मी सांगितलं, फी परत होत नाही."

"का सोडतेय ते विचारलंस?"

"नाही, मॅडम. तिने लगेच ठेवला."

उज्ज्वलाने त्या दिवसाचा सराव पुरा केला. मास्कमध्ये पाणी भरून नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं होतं. इतरांना दोन-तीन प्रयत्न लागले, तिने पहिल्यांदाच केलं. मग ओल्या केसांवर स्कार्फ बांधला, स्कूटर काढली आणि जुन्या हायवेने तळेगावकडे निघाली. कामशेतला घराकडे सरळ न जाता ती आत वळली.

वाडीच्या खाली, भाताची खाचरं संपतात तिथे, हिराचं घर होतं. दारात तिची आई बाया सरपण फोडत बसली होती. उज्ज्वलाने ओळख सांगितली तशी बायाने कोयता खाली ठेवला आणि तिला नीट न्याहाळलं.

"तुमी बी त्यातल्याच का? पान्याखाली श्वास घ्यायला पैशे देनाऱ्या?"

"हो, मावशी."

"वर फुकट मिळतोय की."

उज्ज्वलाला हसू आलं. बायालाही आलं, पण तिने ते तोंडातच ठेवलं. "पोरगी धरनावर गेली. ती बगा, त्या पिवळ्या पायपापाशी."

खाली काठावर एक शेतकरी बिडी ओढत बसला होता. हिरा दिसत नव्हती. दोर तेवढा पाण्यात गेलेला होता. उज्ज्वला उभी राहून वाट बघत होती, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात आकडे मोजतोय. सत्तर. ऐंशी. नव्वद. शेतकरी निवांत होता. एकशे दहाला पाणी फुटलं आणि हिराचं डोकं वर आलं, हातात शेवाळाचा एवढा मोठा गुंता. तिने तो काठावर फेकला, उज्ज्वलाला बघितलं आणि पाण्यातच थांबली.

"ताई? तुमी हितं कशा?"

"तू आली नाहीस म्हणून मी आले."

हिरा बाहेर आली. ओल्या सलवार-कमीजवर तिने टॉवेल गुंडाळला. शेतकऱ्याने मोटार सुरू केली, पाइप थरथरला आणि वरच्या हरभऱ्याच्या शेतात पाणी पडल्याचा आवाज आला. तीनशे रुपये मुठीत घेऊन ती उज्ज्वलाशेजारी दगडावर बसली.

"दीड लाखाची यादी हाय ती, ताई. आमच्या घरात दीड लाखाचं काय बी न्हाई, घर धरून."

"ती यादी खोटी आहे. म्हणजे वस्तू खऱ्या आहेत, पण आपल्याला लागत नाहीत. मी सरांना विचारून आले. सगळं फीमध्ये आहे. ग्रुपवर टाकलंय त्यांनी."

"म्या ग्रुपमधून निघाले."

"ते कळलं. म्हणून तर आले." उज्ज्वलाने स्वतःच्या फोनवरचा सरांचा मेसेज तिला दाखवला. हिराने तो ओठ हलवत वाचला, मग पुन्हा वरपासून वाचला.

"मंग पयल्यांदा तशी कशाला धाडली?"

"कुणी वाचलीच नव्हती. आपण दोघी सोडून."

हिराने मुठीतले पैसे टॉवेलच्या टोकात गुंडाळले. मग म्हणाली, "खरं सांगू का? नुसत्या पैशाचं न्हाई. यादी आली तवा मला बरंच वाटलं. म्हनलं, आता कुनाला सांगायला नको की मला येत न्हाई. ताई, लहानपनापास्नं आबांनी मला शिकवलं, श्वास धर, अजून धर. आमचं पोट त्याच्यावर हाय. आन तितं ते सर सगळ्यांदेखत म्हनत्यात, धरू नको."

हे उज्ज्वलाला अपेक्षित नव्हतं. पैशाचं उत्तर तिच्या फोनमध्ये होतं, याचं नव्हतं. मग तिला आपल्या लाइनवर नव्याने लागणाऱ्या मुली आठवल्या. त्याही हेच करायच्या. घाईत दोन-दोन रिंगा उचलायच्या, एक हातात धरून ठेवायच्या आणि गोंधळायच्या.

"कामावर मी नव्या पोरींना एक सांगते," ती म्हणाली. "एक उचल, एक ठेव. हातात दुसरी धरायची नाही. उचललीस की ठेवायचीच. डोकं वापरायचं नाही, हाताला चाल लावून द्यायची. तू इथे बुडी मारतेस तेव्हा तुझं धरणं बरोबरच आहे, ते मोडू नकोस. पण टाकी पाठीवर चढली की काम बदललं. तिथे एक उचल, एक ठेव."

हिराने नाकाने श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला, सोडला. "एक उचल," ती पुटपुटली. "एक ठेव."

"रविवारी कामशेतच्या फाट्यावर थांब. साडेसहाला. मी घेऊन जाईन."

"पेट्रोलचे निम्मे मी देनार."

"दे," उज्ज्वला म्हणाली.

पुढच्या रविवारी दोघी एका स्कूटरवरून लोणावळ्याला पोचल्या. आधी मास्कचं बघायचं होतं. केंद्रातले मास्क सगळे मोठ्या तोंडाचे आणि वापरून कडक झालेले. हिराचा चेहरा निमुळता, तिला प्रत्येकात पाणी शिरायचं. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात विकायचे मास्क होते. अनघाने यादीतला पाच हजार दोनशेचा काढला. काळा, चकचकीत, छान डब्यात.

उज्ज्वलाने त्याची कड दोन बोटांत धरून दुमडली आणि सोडली. मग दुसरा, तिसरा. असे पाच काढायला लावले. एक साधा निळा होता, एकोणीसशेचा. त्याची कड तिने जरा जास्तच वेळ चाचपली.

"सिलिकॉन तेच आहे," ती म्हणाली. "वरच्या प्लॅस्टिकचे आणि डब्याचे पैसे वेगळे लावलेत. हिरा, पट्टा मागे न घेता नुसता तोंडाला लाव. आता नाकाने हवा ओढ. हात सोड."

हिराने हात सोडला. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला. तिने मान हलवली, खाली वाकली, तरी पडला नाही.

"हा तुझा."

"ताई, तुमी पैशे देऊ नका."

"मी देतच नव्हते," उज्ज्वला म्हणाली. खरं तर तिचा हात पर्सच्या चेनवर होता. हिराने सहा फुटवॉलचे अठराशे मोजून ठेवले आणि अनघाकडे बघत राहिली. अनघाने शंभर रुपये सोडले. प्रदीप सरांनी कुठूनतरी टूथपेस्ट आणून दिली. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो घासून काढला नाही तर पाण्याखाली धुकं धरतं, म्हणाले. हिरा पायरीवर बसून काच घासत होती तेव्हा गौरव आला, जॅकेटला नवी नळी लावून.

"आतलं उघडलं का?" उज्ज्वलाने विचारलं.

"दुकानवाला चौदा हजार म्हणत होता, काकू. मालवणहून आल्यावर करतो."

प्रदीप सरांनी त्याचं सगळं वर कोरड्यात तपासलं. बटण दाबलं की जॅकेटमध्ये हवा जात होती, सोडलं की बंद होत होती. त्यांनी मान हलवली. जोड्या लावताना गौरव उज्ज्वलाच्या वाट्याला आला. हिराला त्यांनी स्वतःबरोबर घेतलं.

तलावाच्या तळाशी, चार मीटरवर, सगळे गुडघ्यांवर बसले. उज्ज्वलाने आधी हिराकडे बघितलं. निळ्या मास्कमागे तिचे डोळे मोठे झाले होते. छाती भरली, थांबली. मग तोंडातून बुडबुड्यांची एक माळ वर गेली. पुन्हा भरली. पुन्हा माळ. हिराची बोटं मांडीवर हलत होती. उचल, ठेव. सरांनी अंगठा आणि तर्जनीची गोल खूण करून विचारलं, ठीक? तिनेही गोल करून दाखवलं.

आणि त्याच क्षणी उज्ज्वलाच्या कानाशी फुस्स असा लांबट आवाज सुरू झाला. गौरवने जॅकेटमध्ये जरा हवा घ्यायला बटण दाबलं होतं आणि ते आतच अडकलं होतं. टाकीतली हवा जॅकेटमध्ये भरतच चालली. तो तळावरून उचलला जायला लागला. त्याचे डोळे विस्फारले, त्याने दोन्ही हात मारले, आणि बुडबुडे थांबले. त्याने श्वास धरला होता.

उज्ज्वलाने विचार केला नाही. डाव्या हाताने तिने त्याच्या छातीवरचा पट्टा पकडला. तीही त्याच्याबरोबर वर ओढली जाऊ लागली. उजव्या हाताने तिने नळीच्या टोकाची कडी चाचपली. असल्या कड्या तिने कारखान्यात हजारदा काढल्या-घातल्या होत्या. मागे ओढली की सुटते. ती सुटली. आवाज बंद झाला. मग तिने त्याच्या खांद्यावरची दोरी ओढून जॅकेटमधली हवा सोडली, आणि स्वतःचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणून मुद्दाम मोठे बुडबुडे सोडून दाखवले. गौरव बघत राहिला. मग त्याच्याही तोंडातून बुडबुडे आले. तोवर सर पोचले होते. तिघे हळूहळू वर आले.

गौरव कडेला बसला. सरांनी ते बटण उघडलं. आत जुन्या समुद्राच्या पाण्याचं मीठ साचून खडे झाले होते आणि रिंग चपटी होऊन फाटली होती.

"ही माझी चूक आहे," प्रदीप सर म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं, आणि मी वरवर बघितलं. यापुढे बाहेरून आणलेलं साहित्य सर्व्हिसच्या पावतीशिवाय माझ्या पाण्यात उतरणार नाही."

गौरवने ती फाटकी रिंग उज्ज्वलाच्या तळहातावर ठेवली. "काकू, हे आधीच कसं कळलं तुम्हाला?"

"मला हे नव्हतं कळलं. मला नळी कळली होती. एकाच दिवशी बनलेला माल साधारण एकदमच म्हातारा होतो."

"अठ्ठेचाळीस हजार पाण्यात गेले."

"गेले नाहीत. सर्व्हिस कर आणि ठेव. फक्त स्वस्त पडलं असं कुणाला सांगू नकोस."

दुपारी कार्ल्याच्या फाट्यावर वडापाव खाताना हिराने पहिल्यांदा सविस्तर सांगितलं, की खाली बसल्यावर तिला काय झालं. चाल लागेपर्यंत भीती होती. चाल लागल्यावर वेळच समजेना. "ताई, मी पान्याखाली एवडा येळ कदी बसलेच न्हाई. गेले, काम केलं, आले. बगितलं असं कदीच न्हाई."

चौथा रविवार परीक्षेचा होता. दोघी पास झाल्या. हिराला लेखीत चौऱ्याऐंशी टक्के पडले, उज्ज्वलाला ब्याण्णव. उरलेले आठ टक्के का कापले यावर तिने सरांशी दहा मिनिटं वाद घातला आणि चार परत मिळवले.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळे मालवणला गेले. साहित्य सगळं भाड्याचं होतं, सूटवर कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं मार्करने लिहिलेली. पहिल्या दिवशी होडीतून मागे कलून पाण्यात पडायचं होतं. उज्ज्वला पडली, आणि खारट पाणी ओठांना लागलं तेव्हा तिला जरा धस्स झालं. एवढंच. मग दोरी धरून ती उतरत गेली, कान मोकळे करत, पाच मीटर, आठ, बारा. खडकावर जांभळ्या फांद्यांची झुडपं हलत होती आणि त्यांच्यातून पिवळ्या पट्ट्यांचे मासे असे चालले होते, जसे शिफ्ट सुटल्यावर गेटमधून लोक. कुणी तिला अडवलं नाही. कुणी विचारलं नाही की तू इथे कशी. तिने खडकाच्या काठाशी थांबून सावकाश आजूबाजूला बघितलं, आणि वर आल्यावर भामाबाईंना फोन लावून सांगितलं की पाणी खालून हिरवं असतं.

"मासं चावत न्हाईत ना?" भामाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग बरं हाय. बग अजून."

परतीच्या दिवशी गाडीत हिराने प्रदीप सरांना सरळ विचारलं, कोर्स पुरा झाल्याच्या या कार्डावर मला हरवलेलं काढायचं काम मिळेल का? सरांनी तिला खोटी आशा लावली नाही. हे कार्ड हौशी डायव्हरचं आहे, म्हणाले. कामासाठी पुढचे दोन टप्पे करावे लागतील, त्यातला एक बचावाचा, आणि निदान चाळीस-पन्नास डाइव्ह गाठीला हवेत. हिराने ऐकून घेतलं. किती दिवस, किती खर्च, कुठलं साहित्य केंद्राचं आणि कुठलं आपलं, हे तिने एकेक करून विचारलं, आणि प्रत्येक उत्तराला पुन्हा विचारलं, "हे लागतंच का, सर, का घेतलं तर चांगलं?" मागच्या सीटवर उज्ज्वला डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती.

मार्चमध्ये एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हिराचा फोन आला.

"ताई, सरांनी बोलावलंय. रविवारी नव्या पोरींच्या बॅचबर पान्यात राहायला. अनघा मॅडम म्हनाल्या, दिवसाचे सातशे."

"मग?"

"म्या बाराशे सांगितले. म्हनलं, पोरींना श्वास सोडायला शिकवायचं काम हाय, टाक्या उचलायचं न्हाई. आन माजे पन्नास डाइव्ह व्हईस्तोवर पुडच्या कोर्सची फी त्यातूनच कापा."

"काय म्हणाल्या?"

"सरांना इचारते म्हनल्या. सर मागं बसलेच हुते. मला फोनमदनं ऐकू आलं, देऊन टाक म्हनले."

घंटा झाली. शकुबाई डबे आवरत होत्या. उज्ज्वलाने हातमोजे चढवले, फोन खांद्याने कानाशी धरला आणि विचारलं, "रविवारी फाट्यावर किती वाजता थांबायचं?"

"तुमी नका येऊ, ताई," हिरा म्हणाली. "सहाची एसटी हाय. मी जाते."